खेळाडूची पारख आणि हाडांचे वय

ज्या शहरात मे महिन्यात घराबाहेर पडणे नकोसे होते आणि बर्फ म्हटले की उसाच्या रसाची गाडी आठवते, त्या बडोद्यातील डॉक्टरांच्या स्मरणिकेत आइस हॉकीवर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. मी बालरोगतज्ज्ञ. वाढीचे तक्ते, मनगटाची क्ष-किरण चित्रे आणि "डॉक्टर, आमचा मुलगा वर्गात सर्वांत बुटका का?" हा पालकांचा प्रश्न यांच्या सहवासात माझी पस्तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर काही हिवाळे कॅनडातील ओन्टारियो प्रांतात लेकीकडे राहणे झाले. तेथे माझ्याच विषयावर, म्हणजे वाढत्या मुलाचे पुढे काय होणार या प्रश्नावर, उपजीविका करणारी माणसे पाहण्यात आली. ती आइस हॉकीचे स्काउट, म्हणजे होतकरू खेळाडूंचे पारखी. त्यांच्या कामाकडे डॉक्टरच्या नजरेने पाहताना जे जाणवले, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहे.

निवडीचा सोहळा

नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएल ही कॅनडा व अमेरिका यांची सामाईक व्यावसायिक स्पर्धा. तिच्यात आज ३२ संघ आहेत. दरवर्षी हे संघ तरुण खेळाडूंवर आपापला हक्क सांगतात; या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. पहिला ड्राफ्ट १९६३ साली झाला. सध्या त्याच्या सात फेऱ्या होतात, म्हणजे सुमारे २२४ मुलांची नावे पुकारली जातात. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा वर्षे पूर्ण होतात, तो प्रथमच पात्र ठरतो. या तारखेचा काटेकोरपणा पाहावा. अमेरिकेचा ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ रोजी जन्मला. दोन दिवसांच्या फरकाने त्याला २०१५ ऐवजी २०१६ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हा त्याचे नाव सर्वांत आधी पुकारले गेले.

संघांचे स्वतःचे स्काउट असतातच. शिवाय १९७५ पासून लीगचे मध्यवर्ती स्काउट कार्यालयही आहे. हंगामाच्या आरंभी ते मुलांची ए, बी, सी अशी प्रतवारी करते आणि पुढे उत्तर अमेरिका व युरोप यांच्या स्वतंत्र याद्या प्रसिद्ध करते. ड्राफ्टपूर्वी निवडक मुलांच्या मुलाखती, वैद्यकीय तपासणी आणि शारीरिक चाचण्या होतात. स्थिर सायकलवर तीस सेकंद जीव तोडून पाय मारण्याची विंगेट चाचणी, प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेची चाचणी, उंच उडी, हाताची पकड असे त्यांचे स्वरूप असते.

या आकड्यांचे मोल किती? २०१४ साली सॅम बेनेट हा मुलगा दांड्याला लटकून एकदाही स्वतःला वर ओढू शकला नाही आणि वर्तमानपत्रांत त्याची चेष्टा झाली. कॅलगरी संघाने तरीही त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. पुढे फ्लोरिडा संघाकडून खेळताना २०२५ च्या स्टॅनले चषकाच्या अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

पारख्याची नजर

लेकीच्या गावातील रिंकवर एक वयस्क स्काउट नेहमी येत. कॉफीचा पेला आणि छोटी वही घेऊन ते कोपऱ्यात उंचावर बसत. ओळख झाल्यावर मी त्यांना विचारले, तुम्ही नेमके पाहता तरी काय? गोल करणारा मुलगा सर्वांनाच दिसतो, असे ते म्हणाले. त्यांचे लक्ष पक, म्हणजे ती रबराची चकती, ज्याच्याजवळ नसते त्या मुलाकडे असे. चकती येण्याआधी तो मान वळवून मागे पाहतो का? चकती हिसकावली गेल्यावर हात झटकतो की उलट फिरून धावतो? वळताना स्केटच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही धारांवर त्याचा तोल सारखाच राहतो का? मग त्यांनी हळूच प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांकडे बोट दाखवले. "त्यांचीही उंची मी पाहतो."

मला हसू आले. आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी त्यात साडेसहा सेंटिमीटर मिळवायचे, हा हिशेब आपण बाह्यरुग्ण विभागात रोज करतो. पारखी आणि वैद्य यांचा मूळ प्रश्न एकच आहे: आज दिसते आहे त्यातले किती या मुलाचे स्वतःचे, आणि किती केवळ लवकर आलेले?

जानेवारीची मुले

या प्रश्नाचे एक धक्कादायक उत्तर कॅनडातच सापडले. आल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज येथे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली पत्नी पॉला यांच्यासह एक सामना पाहावयास गेले होते. कार्यक्रमपत्रिकेतील खेळाडूंच्या जन्मतारखा चाळताना पॉलाबाईंच्या ध्यानात आले, की जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हेच महिने पुनःपुन्हा येत आहेत. १९८५ साली बार्न्सली दांपत्य आणि त्यांचे सहकारी थॉम्पसन यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ या नावाने तो विषय आज जगभर अभ्यासला जातो.

कारण अगदी साधे आहे. कॅनडातील मुलांच्या हॉकीत वयोगट कॅलेंडर वर्षाने ठरतात. त्यामुळे २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला, दोघे एकाच गटात. नऊदहा वर्षांच्या वयात हे वर्षभराचे अंतर म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. मोठा मुलगा उंच, वजनदार, चपळ असतो. निवड समितीला तो गुणी वाटतो. निवड झाली की त्याला उत्तम प्रशिक्षक, बर्फावर अधिक तास आणि तुल्यबळ प्रतिस्पर्धी लाभतात. सतराव्या वर्षी स्काउट येतो, तेव्हा तो मुलगा खरोखरच सरस झालेला असतो. प्रारंभी जो भास होता, त्याचे आठ वर्षांत सत्य बनते. डिसेंबरचा मुलगा तोवर बहुधा खेळ सोडून गेलेला असतो.

माझा नातू डिसेंबरचा आहे. नवव्या वर्षी तो गावच्या निवड संघाच्या चाचणीला गेला. पाठीवर क्रमांक लावलेली मुले बर्फावर गरगर फिरत होती आणि परीक्षक कागदावर खुणा करीत होते. यादीत त्याचा क्रमांक आला नाही. ज्यांचा आला, त्यांतील बहुतेकांच्या वाढदिवसांना तो शाळेच्या वर्षअखेरीच्या आत जाऊन आला होता, ही गोष्ट माझ्या लेकीच्या ध्यानात आली. रात्री त्याने मला विचारले, "आजी, मी मोठा कधी होणार?" मी त्याच्या उंचीचा तक्ता काढला. माझे जावई दहावीनंतर उंच झाले आणि त्यांचे वडीलही तसेच. घराण्यातच वाढ सावकाश असलेली, पण वाढीचा वेग निकोप असलेली अशी मुले मी शेकड्यांनी पाहिली आहेत. "उशिरा, पण नक्की," असे मी त्याला सांगितले. तो साध्या संघात खेळत राहिला आणि अजून खेळतो आहे. तो पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही. पण नवव्या वर्षी कोणालाच ते सांगता येत नाही, एवढे मात्र ठामपणे सांगू शकते.

एक वय कागदावर, एक हाडांत

जन्मतारखेहून मोठा फरक शरीराच्या परिपक्वतेचा असतो. मुलांमध्ये उंची वाढण्याचा सर्वाधिक वेग सरासरीने चौदाव्या वर्षी येतो. परंतु कोणाचा तो बाराव्या वर्षी येतो, तर कोणाचा सोळाव्या. तेरा वर्षांच्या दोन निरोगी मुलांच्या मनगटाच्या चित्रांत हाडांचे वय एकाचे अकरा आणि दुसऱ्याचे पंधरा निघू शकते. वयात आलेल्याजवळ स्नायू, रक्तातील हिमोग्लोबिन आणि हृदयाचे आकारमान अधिक; दुसऱ्याजवळ यांतले काहीच अजून आलेले नसते.

त्यातून आइस हॉकी हा अंगावर आदळण्याचा खेळ. कॅरोलिन एमरी व सहकाऱ्यांनी २०१० साली अकराबारा वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. आल्बर्टात या वयोगटाला अंगाने धडक देण्याची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. सामन्यांतील दुखापती व मेंदूला बसणारे धक्के यांचा धोका आल्बर्टात तिपटीहून अधिक आढळला. २०१३ साली हॉकी कॅनडाने या वयोगटात अशी धडक देशभर बंद केली. धडकेची मुभा असलेल्या बालवयीन खेळात लवकर वाढलेल्या मुलाची सरशी होते आणि उशिरा वाढणाऱ्याला इजा होते. ही बंदी डोके वाचविण्यासाठी होती. तिने काही खेळाडूही वाचवले असतील, असे मला वाटते.

राहून गेलेले

डीनर, लोवेन व कॉब्ली या संशोधकांनी १९८० ते २००६ या काळातील ड्राफ्ट तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंची निवड त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने चाळीसहून अधिक क्रमांक खाली झाली होती. आणि ४०० सामने किंवा २०० गुण असा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता वर्षाच्या पहिल्या तिमाहीतील खेळाडूंच्या सुमारे दुप्पट होती. म्हणजे प्रतिकूलतेतून जे टिकले, ते अधिक कसदार निघाले. पण पारख्यांनी त्यांना कमीच लेखले.

डेट्रॉइट संघाने याच दुर्लक्षातून आपले भाग्य घडवले. त्यांचे स्वीडनमधील स्काउट हॉकन अँडरसन मॉस्कोत दुसऱ्याच मुलाला पाहावयास गेले असता त्यांच्या नजरेत पावेल दात्स्युक भरला. लहान चणीच्या दात्स्युकला १९९८ मध्ये १७१ वा क्रमांक मिळाला. ऑक्टोबरात जन्मलेला हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर आला. २००८ साली डेट्रॉइटने स्टॅनले चषक जिंकला, तो या दोघांच्या बळावर. मार्टिन सेंट लुईस या पाच फूट आठ इंचांच्या खेळाडूला तर कोणीच निवडले नव्हते. त्याने २००४ साली लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान मिळवला.

आपल्या दवाखान्यात

आपल्याकडेही हाडांचे वय खेळात आले आहे. वय लपविण्याचे प्रकार रोखण्यासाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळ कनिष्ठ गटात डाव्या मनगटाच्या चित्रावरून टीडब्ल्यू-३ पद्धतीने वय ठरवते. हेतू योग्यच आहे. तथापि, लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगाही त्या चाळणीत अडकू शकतो, हे आपण डॉक्टरांनी विसरू नये. त्याच चित्राचा दुसरा उपयोग मात्र फारसा कोणी करीत नाही: उशिरा वाढणाऱ्या मुलाला ‘थांब, तुझी वेळ यायची आहे’ असे पुराव्यासह सांगण्याचा.

क्रिकेट असो, पोहणे असो वा शाळेची धावण्याची शर्यत असो, संघातून वगळलेला बारातेरा वर्षांचा मुलगा आपल्यासमोर आला, तर टॉनिक लिहून देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. त्याच्या जन्मतारखेचे गटाच्या सीमारेषेपासूनचे अंतर, आईवडिलांची उंची, वडील केव्हा वाढले आणि आईची पाळी केव्हा सुरू झाली, आणि त्याची यौवनावस्था कोणत्या टप्प्यावर आहे. गरज वाटल्यास मनगटाचे एक चित्र घ्यावे. मग प्रशिक्षकाच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी द्यावी, की या मुलाची वाढ निकोप असून ती अद्याप व्हावयाची आहे. याला सरावातून काढू नये आणि वर्षभराने पुन्हा पाहावे. या चिठ्ठीने प्रत्येक मुलगा खेळाडू होणार नाही. मात्र ज्याच्यात गुण आहे, तो आपली वाढ पूर्ण होईपर्यंत मैदानावर राहील.