प्लाझ्माचे सव्वाआठ महिने

सोमवारी, १७ मे २०२१ रोजी, कोविडच्या राष्ट्रीय उपचारसूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवरची ती हाक सगळ्यांना पाठ झाली होती: ‘अर्जंट, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा’, खाली दोन मोबाइल नंबर. रात्री अकराचा मेसेज पहाटे चारलाही फिरतच असायचा. मग कोविडमधून उठलेला कुणी ओळखीचा ना पाळखीचा माणूस दुचाकी काढून रक्तपेढी गाठायचा, यंत्राला हात जोडून पडून राहायचा आणि पिवळसर द्रवाची २०० मिलिलिटरची पिशवी घेऊन पेशंटचा मुलगा हॉस्पिटलकडे पळायचा.

या धावपळीने जीव वाचत नाही, हे मात्र सप्टेंबर २०२० पासून जगजाहीर होतं. आणि ते जाहीर करणारी संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआरच होती.

‘प्लॅसिड’ हे त्या चाचणीचं नाव. ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्माच्या दोन पिशव्या, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांत आजार बळावला किंवा मृत्यू झाला, असे रुग्ण प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के, न घेतलेल्यांत १८. हा निष्कर्ष ८ सप्टेंबर २०२० ला ‘मेडआर्काइव्ह’वर आला, म्हणजे इतर तज्ज्ञांची छाननी होण्याआधी. ती छाननी होऊन ‘बीएमजे’मध्ये तो छापला गेला ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबरात आयसीएमआरने प्लाझ्मा सरसकट वापरू नका, असं पत्रकही काढलं. तरीही उपचारसूचनांतला शब्द खोडायला मे उजाडला. मध्ये दुसरी लाट आली आणि ‘अर्जंट’चे मेसेज दुप्पट जोमाने फिरू लागले.

अपुरं संशोधन घाईघाईने बाहेर सोडतात आणि डॉक्टर त्यामागे धावतात, ही तक्रार तेव्हा वर्षभर ऐकू येत होती. ती खोटी नाही, पण प्लॅसिडचा निष्कर्षही वेळेआधीच बाहेर आला होता आणि त्यामागे कुणीच धावलं नाही. ‘गुण येतो’ एवढं कानावर पडलं की उपचार सुरू होतो. ‘गुण येत नाही’ म्हणणाऱ्याकडे मात्र पुरावा मागितला जातो, मग आणखी पुरावा.

त्यातून प्लाझ्माला राजाश्रयही भक्कम होता. २९ जून २०२० ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘प्लॅटिना’चा प्रारंभ केला तो जगातली सर्वांत मोठी प्लाझ्मा चाचणी म्हणून. तिकडे दिल्लीत प्लाझ्मा बँक उघडली. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचे प्रमुख स्टीफन हान यांनी ट्रम्प यांच्या शेजारी उभं राहून सांगितलं, की शंभर आजाऱ्यांतले ३५ प्लाझ्माने वाचले असते. मुळातला आकडा मेयो क्लिनिकच्या प्रीप्रिंटमधला, म्हणजे छाननीआधीच्या प्रबंधातला, आणि त्यात प्लाझ्मा न घेतलेल्यांचा गटच नव्हता. लवकर प्लाझ्मा मिळालेले आणि उशिरा मिळालेले, किंवा जास्त प्रतिपिंडांचा आणि कमी प्रतिपिंडांचा प्लाझ्मा मिळालेले, यांची तुलना होती. फरक होता शंभरामागे तीन ते पाच जणांचा. हान यांनी दुसऱ्याच दिवशी चूक कबूल केली. ती कबुली कुणाच्या फॉरवर्डमध्ये आली नाही.

मग घाई वाईटच का? डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची गोष्ट उलट सांगते. १६ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल निव्वळ प्रसिद्धिपत्रकाने जाहीर केला: व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. त्याच दिवशी ब्रिटनच्या रुग्णालयांत औषध सुरू झालं. अमेरिकेतले शल्यविशारद-लेखक अतुल गावंडे मात्र खवळले. (मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी, म्हणून आपण त्यांना हक्काने आपलं म्हणतो.) इतकी संशोधनं मागे घ्यावी लागल्यावरही प्रबंध न देता नुसत्या पत्रकाने निकालाचा डंका पिटणं चालणार नाही, असं त्यांनी ट्विटरवर सुनावलं. प्रीप्रिंट सहा दिवसांत आला, छापील प्रबंध जुलैमध्ये, आणि निकाल टिकला. छापील प्रबंध येईपर्यंत महिनाभर डॉक्टर थांबून राहिले असते तर किती माणसं गेली असती, याचा हिशेब गावंडे यांच्या आक्षेपात बसत नाही.

पण त्याच पत्रकात आणखी एक ओळ होती: ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना याचा फायदा नाही. ही ओळ वाटेत गळाली. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये घरोघर फिरलेल्या औषधांच्या चिठ्ठ्यांत पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड दिसत होतं, ऑक्सिजन ९८ असलेल्या माणसालासुद्धा. एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया याविरुद्ध बोलत होते. स्टिरॉइडचा बेबंद वापर आणि बेताल मधुमेह यांची म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराशी जोडलेली गाठ कान-नाक-घशाच्या वॉर्डांत दिसू लागली. त्याच मे महिन्यात केंद्राने या आजाराची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना कळवलं.

प्लाझ्मा अखेर निघाला तो दोन धक्क्यांनी. विषाणुतज्ज्ञ गगनदीप कांग, टाटा मेमोरियलचे सी. एस. प्रमेश आणि इतर तज्ज्ञांनी सरकारला पत्र लिहिलं, आणि १४ मे रोजी ‘लॅन्सेट’मध्ये रिकव्हरीची प्लाझ्मा चाचणी छापून आली. साडेअकरा हजारांवर रुग्ण. मृत्यू दोन्ही गटांत २४ टक्के. प्लॅसिडने ४६४ रुग्णांत जे सांगितलं तेच.

१७ मेच्या त्याच सोमवारी दिल्लीत आणखी एक कार्यक्रम झाला. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या ‘टू-डीजी’ या कोविडवरच्या पावडरीची पहिली पाकिटं बाहेर काढली. सरकारी पत्रकानुसार २२० रुग्णांची चाचणी. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनची गरज संपलेले ४२ टक्के, फक्त नेहमीच्या उपचारांवर ३१. सविस्तर प्रबंध तोवर कुठेही छापून आलेला नव्हता, प्रीप्रिंटसुद्धा नाही. ‘टू-डीजी कुठे मिळेल, अर्जंट’ हे मेसेज मात्र सुरू झाले होते, खाली दोन मोबाइल नंबर.