‘तोल’ या शब्दाचे दोन अर्थ आणि मालवाहू विमानाचे भारपत्रक

बैलगाडीत माल मागच्या अंगाला अधिक भरला गेला, की जू वर उचलले जाते आणि गाडी उलाळते. पुढच्या अंगाला अधिक भरला गेला, की तेच जू बैलांच्या मानेवर दाबते. या दोन्ही प्रसंगी मालाचे एकूण वजन एकच असू शकते. मराठीतील ‘तोल’ हा शब्द या दृष्टीने लक्षणीय आहे. वाणी धान्य तोलतो, आणि दोरावरून चालणारा आपला तोल सावरतो. पहिल्या प्रयोगात वजनाचे माप अभिप्रेत आहे, दुसऱ्यात वजनाची वाटणी. छोट्या मालवाहू विमानांच्या बाबतीत हे दोन्ही तोल सांभाळावे लागतात. आणि तेथे घडणाऱ्या पुष्कळशा चुकांचे मूळ बेरीज-गुणाकारात नसून, कागदावरील एका आकड्याचा नेमका अर्थ काय, या प्रश्नात असते. हा प्रश्न भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येतो, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

प्रथम हिशेबाची रीत पाहू. विमानाच्या पुढील बाजूस एक काल्पनिक संदर्भ-प्रतल मानतात. प्रत्येक वस्तूचे वजन आणि त्या प्रतलापासूनचे तिचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे त्या वस्तूचे परिबल. सर्व परिबलांच्या बेरजेला एकूण वजनाने भागले असता विमानाचा गुरुत्वमध्य मिळतो. तो ठरलेल्या मर्यादेच्या पुढे गेला, तर नाक जड होऊन उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी ते उचलणे कठीण होते. तो मर्यादेच्या मागे गेला, तर अधिक धोका संभवतो. विमानाचे अंगभूत स्थैर्य कमी होते, नाक आपोआप वर जाऊ लागते, आणि शेपटीवरील एलिव्हेटरची शक्ती ते खाली आणण्यास अपुरी पडली, म्हणजे वेग घटून पंखांचा हवेवरील आधार सुटतो. जमिनीलगत हे घडल्यास सावरण्यास अवकाश उरत नाही.

ही मर्यादा किती अरुंद असते, याची कल्पना सेस्ना २०८बी कॅराव्हॅन या मालवाहतुकीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एकइंजिनी विमानावरून येईल. त्याचे उड्डाणसमयीचे कमाल वजन ८,७५० पौंड, म्हणजे सुमारे ३,९६९ किलोग्रॅम. या वजनाला गुरुत्वमध्य संदर्भ-प्रतलापासून १९९.१५ ते २०४.३५ इंच या टप्प्यातच असावा लागतो. हा टप्पा अवघा ५.२ इंचांचा, म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटरचा आहे. आता २०० किलोग्रॅमचा एक खोका नेमलेल्या जागेपेक्षा ३ मीटर मागे ठेवला गेला, असे समजा. २०० गुणिले ३, भागिले ३,९६९. गुरुत्वमध्य सुमारे १५ सेंटिमीटर मागे सरकतो, म्हणजे संपूर्ण टप्पाच ओलांडला जातो. भारपत्रकावरील एकूण वजनात मात्र एका ग्रॅमचाही फरक पडलेला नसतो.

चुकीचा दुसरा प्रकार ‘वजन’ या शब्दाच्या अनेकार्थतेतून उद्भवतो. हवाई मालवाहतुकीत खोक्याला दोन वजने असतात: काट्यावरचे वजन आणि आकारणीचे वजन. मोठ्या पण हलक्या खोक्याने जागा अडते, म्हणून प्रचलित पद्धतीनुसार ६,००० घन सेंटिमीटरला १ किलोग्रॅम या दराने त्याचे वजन कल्पिले जाते. ६० × ६० × ५० सेंटिमीटरच्या, प्रत्यक्षात १२ किलोग्रॅम भरणाऱ्या खोक्याची आकारणी ३० किलोग्रॅमप्रमाणे होते. हा दुसरा आकडा भारपत्रकात उतरला आणि असे खोके पुढच्या भागात असले, तर कागदावर विमानाचे नाक जितके जड दिसेल, तितके ते प्रत्यक्षात असणार नाही. एककांचा घोटाळाही याच जातीचा. १९८३ च्या जुलैमध्ये एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना प्रतिलिटर पौंडांचा गुणक किलोग्रॅमचा समजून वापरला गेला. विमानात आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले, आणि दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली. आकडा होता, एकक हरवले होते.

तिसरा प्रकार सरासरीचा. येथे प्रवासी विमानाचे उदाहरण घ्यावे लागते. पण तोलाच्या हिशेबात प्रवासी आणि माल असा भेद नसतो. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे एअर मिडवेस्ट कंपनीचे बीच १९००डी हे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातील २१ जण मृत्युमुखी पडले. एलिव्हेटरच्या तारांची जुळणी दुरुस्तीच्या वेळी चुकली होती, त्यामुळे नाक खाली आणण्याची क्षमता घटलेली होती. त्यातच गुरुत्वमध्य मागील मर्यादेच्याही मागे गेला होता. वैमानिकांचा हिशेब मान्य सरासरीनुसार होता आणि कागदावर तो मर्यादेत बसत होता. पुढे प्रवाशांची प्रत्यक्ष वजने घेण्यात आली, तेव्हा ती गृहीत सरासरीपेक्षा सुमारे २० पौंडांनी अधिक भरली. १९ प्रवाशांच्या हिशेबात हा फरक ३८० पौंडांचा होतो. सरासरीच अशी जुनी झाली, की मोठ्या विमानालाही ती चकवते. परंतु ती बरोबर असली, तरी छोट्या विमानात तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. तीनशे माणसांत जड-हलके परस्परांना बहुतांशी सांभाळून घेतात. एकोणीसांत तशी खात्री नसते, आणि चार खोक्यांत तर मुळीच नाही.

या तिन्ही प्रकारांत एक सूत्र दिसते. मोजलेले, सांगितलेले आणि गृहीत धरलेले अशी तीन भिन्न विधाने भारपत्रकाच्या एकाच रकान्यात एकाच रूपात उतरतात. व्याकरणदृष्ट्या ती सारखी असतात. प्रामाण्याच्या दृष्टीने नव्हे. म्हणून आकड्याशेजारी त्याचे एकक, त्याचा उगम आणि खोका प्रत्यक्षात कोठे ठेवला याची नोंद असणे, ही केवळ कारकुनी काटेकोरी नव्हे. अनेकदा अशा विमानात वैमानिक एकटाच असतो. खोक्यांत काय आहे हे त्याने पाहिलेले नसते, काट्यावर ते त्याने चढवलेले नसतात. त्याच्या हाती येतो तो फक्त कागद, आणि त्याखाली सही त्याची असते. गाडीवानाला गाडी उलाळल्याचे जागेवरच कळते. वैमानिकाला ते कळते, तेव्हा चाके धावपट्टी सोडून गेलेली असतात.