तडा जातो तेव्हा

काचवाला काच कापताना जोर लावत नाही. पट्टी धरून हिरकणीने एक रेघ ओढतो, काच टेबलाच्या कडेशी आणतो आणि हलकेच दाबतो. जाड काचही रेघेवर सरळ दुभंगते. ती रेघ म्हणजे मुद्दाम पाडलेली भेग. कसबी कारागीर रेघ ओढल्या ओढल्या काच मोडतो. वेळ गेला तर ती भेग भलतीकडेच जाण्याची भीती असते.

एवढ्याशा रेघेत ही ताकद कुठून येते, याचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. ताणलेल्या पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या कडेवर ताण तिप्पट होतो. भोक लांबट असेल आणि त्याचे टोक अणकुचीदार असेल, तर तो कैकपटींनी वाढतो, हे चार्ल्स इंग्लिस यांनी 1913 मध्ये गणिताने दाखवले. भेगेचे टोक तर सुईहून तीक्ष्ण. पुढे इंग्लंडमधल्या फार्नबरो येथे अ‍ॅलन ग्रिफिथ यांनी काचेचे तंतू ताणून तोडले. एक मिलिमीटर जाडीच्या तंतूच्या तुलनेत केसाहून कितीतरी बारीक तंतू, तेवढ्याच क्षेत्रफळामागे, सुमारे वीसपट भार पेलत होता. बारीक तंतूत मोठ्या भेगेला जागाच नव्हती! वस्तू किती भार सोसेल हे तिच्यातली सर्वांत वाईट भेग ठरवते, ही समज तिथून रुजली.

फॅब्रिकेटर तडकलेल्या पत्र्याला भेगेच्या टोकाशी आणखी एक भोक पाडतो, ते याच कारणाने. टोक गोल झाले की ताण पांगतो आणि भेग बहुधा तिथेच थबकते.

हे भान सुटले तर किंमत माणसांना मोजावी लागते. 1954 च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. फार्नबरोच्या तज्ज्ञांनी एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवले आणि उड्डाणात केबिनवर येणारा दाब पुन्हा पुन्हा देऊन पाहिला. शेवटी खिडकीसारख्या चौकटीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला. दर उड्डाणात दाब चढे-उतरे आणि भेग नकळत वाढत जाई.

महाराष्ट्राने अशी परीक्षा कोयनेला पाहिली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे गेली. 103 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच भागांना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या. त्या पडल्या कुठे? पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, बहुतांशी त्याच पातळीवर. आकार बदलतो तिथे ताण एकवटतो, हा धडा इथे शेकडो फूट लांबीच्या भिंतीवर उमटला. भेगा भरून, मागून काँक्रीटचा आधार देऊन धरण मजबूत करण्यात आले. त्या भेगांचा अभ्यास जगभरचे धरण-अभियंते आजही करतात.

मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या मातीची गोष्ट निराळी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला त्या उपकारकच: वरची भुसभुशीत माती आत घसरते, पहिल्या पावसाचे पाणी खोल मुरते. त्याच मातीवर उथळ पाया घालून बांधलेल्या घराला मात्र दर ऋतूत हादरा बसतो. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात.

घराची भेग म्हटली की आपण पुट्टी शोधतो, आणि इथेच चुकतो. गिलाव्यावरच्या केसासारख्या जाळीची फारशी काळजी नको. पण भिंतीच्या आरपार गेलेली, एका टोकाला रुंद होत जाणारी किंवा खांब-तुळईवर दिसणारी भेग बुजवण्याआधी तपासायला हवी. जुने अभियंते तिच्यावर आडवी काचपट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवत. पट्टी तडकली की भेग अजून चालती आहे, हे कळे. घरी एवढे तरी करता येते: भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा. दोन-तीन महिन्यांत ती खुणेच्या पुढे सरकली, तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.