कील लांब की आखूड?

आनेकलहून सर्वांत जवळचा समुद्रही सुमारे अडीचशे किलोमीटरवर. तरी गेला महिनाभर आमच्या घरात नौकेचाच विषय आहे. भाचा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून गोव्यात ठेवायला ३६ फुटी शिडाची नौका घेणार आहेत. "मामा, जुन्या बांधणीची घ्यावी की नवी रेसर-क्रूझर?" रेसर-क्रूझर म्हणजे शर्यतीतही उतरवता येईल आणि सुट्टीत चार माणसं आठवडाभर राहूही शकतील अशी नौका. मी त्याला आधी पाण्याने भरलेली बादली आणि स्टीलची फूटपट्टी आणायला सांगितलं.

पट्टी उभी पाण्यात धरून धारेच्या दिशेने ओढा: अलगद सरकते. तीच रुंद बाजूने ढकला: पाणी हाताला विरोध करतं. नौकेच्या तळाखालची कील हेच काम करते. कोकणातले सुतार तिला पठाण म्हणतात. शिडाला वारा बाजूने लोटतो, कील ते लोटणं अडवते, म्हणून नौका पुढे निघते. शिवाय कीलमध्ये शिसं किंवा लोखंड भरलेलं असतं. त्या वजनाला नीरम म्हणतात. कललेल्या नौकेला ते पुन्हा सरळ करतं.

जुन्या बांधणीत ही कील जवळजवळ पूर्ण तळभर जाते आणि सुकाणू तिच्याच मागच्या टोकाला बिजागरीने बसवलेलं असतं. नव्या बांधणीत तळाखाली मधोमध एक अरुंद, खोल पातं असतं, बहुधा त्याच्या टोकाला शिशाचा गोळा, आणि सुकाणू मागे अगदी वेगळं. पातं विमानाच्या पंखासारखं चालतं. वेग असला की ते लांब कीलपेक्षा चांगलं धरून ठेवतं, आणि पाण्याला घासणारा पृष्ठभाग कमी असल्याने मंद वाऱ्यातही नौका चालते. वेग पडला की मात्र त्याची पकड सुटते.

वेगाचा हिशेब सोपा आहे. पाण्याला टेकलेल्या लांबीचं, फुटांतलं, वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. जड नौका फार तर साधारण तेवढे नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, चालते. जुन्या नौकांची दोन्ही टोकं पाण्यावर झुकलेली असतात. इंग्लंडची रस्लर ३६ घ्या: लांबी ३५ फुटांच्या वर, पण पाण्यातली लांबी २७ फूट, म्हणजे सुमारे ७ नॉट. आजच्या नौकेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सरळ उभी. तेवढ्याच लांबीत ३२ फूट पाण्यात असले तर साडेसात. वजनातला फरक याहून मोठा: रस्लर साडेसात टनांची, तर त्या मापाची हलकी रेसर-क्रूझर पाच टनांच्या आसपास. हलकी नौका उतरत्या लाटेवर हे सूत्रही ओलांडून घसरत जाते.

मग जुन्या नौकेत काय आहे? याचं उत्तर मुंबईत बांधलेल्या एका नौकेने दिलं आहे. 'सुहैली' ही ३२ फुटी सागवानी नौका १९६०च्या दशकात मुंबईत तयार झाली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ला फालमथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ला परतले. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. सुकाणू आपोआप धरणारं यंत्र वाटेत निकामी झालं, तरी शिडं नीट बांधली की सुहैली स्वतःची दिशा स्वतः राखायची. लांब कीलचा हा खरा गुण. एकट्या माणसाला झोपायला तास मिळतात. सरासरी वेग मात्र ताशी चार सागरी मैलांचा.

पण लांब कील म्हणजे अभय नव्हे, हे आपण भारतीय खलाशी अभिलाष टॉमींच्या बाबतीत पाहिलं. २०१२-१३मध्ये ते रत्नाकर दांडेकरांनी गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'तून मुंबई ते मुंबई, न थांबता, पाच महिन्यांत पृथ्वीभोवती फिरून आले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांची 'थुरिया' सुहैलीच्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली होती. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती लोळवली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. फुटणारी लाट पुरेशी उंच असली की ती लहान नौकेला उलटवतेच, कील कोणतीही असो. त्याच टॉमींनी २०२२च्या शर्यतीत रस्लर ३६मधून दुसरा क्रमांक मिळवला.

उलटल्यावर काय होतं, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. १९७९च्या फास्टनेट या सागरी शर्यतीत ३०३ नौका निघाल्या आणि वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. काही रुंद, हलक्या नौका उलट्या झाल्या आणि काही काळ तशाच राहिल्या. रुंद तळ सरळ असताना जसा स्थिर, तसाच तो उलटा असतानाही स्थिर असतो. अरुंद, खोल, जड नौका मात्र जवळजवळ पूर्ण पालथी होईपर्यंत परत उठू पाहते.

आता गोवा आणि कोकण. इथे खाड्यांची तोंडं वाळूने भरलेली, आणि वाटेत मासेमारीची जाळी. लांब कील दोरीवरून घसरून जाते. पात्यात आणि वेगळ्या सुकाणूत दोरी अडकते. ओहोटीत चिखलावर बसायची वेळ आली तर जुनी नौका धक्का सोसते, पात्याच्या मुळाशी मात्र तडा जाऊ शकतो. उलट, जेटीच्या अरुंद जागेत इंजिनावर मागे यायचं म्हटलं की लांब कीलची नौका कुठे वळेल सांगता येत नाही.

भाच्याला मी नवीच घ्यायला सांगितलं. तो पावसाळ्यात निघणार नाही, महासागर ओलांडणार नाही, आणि नोव्हेंबर ते मेच्या हलक्या वाऱ्यात जड नौका कंटाळवाणी होते. फक्त पातं अति खोल नको आणि तळ फार रुंद नको. एकट्याने मोठा समुद्र गाठायचा असेल तर मी लांब कीलच सांगितली असती. आणि कुणीही नौका पाहायला गेलात तर रंग, गाद्या बघण्याआधी विक्रेत्याकडे स्थैर्याचा आलेख मागा: किती अंशांपर्यंत कलल्यावर ती परत उठते, हे त्यात लिहिलेलं असतं.