फोम, प्लेट आणि मशीन : मोटारीच्या पॉलिशकामातील जोडणीचे शास्त्र

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण आज गॅरेजमध्ये आणि सर्व्हिस स्टेशनवर मोटारी धुण्या-पुसण्याचे काम करतात. त्यांतला हुशार मुलगा काही दिवसांतच पॉलिशच्या मशीनपर्यंत पोहोचतो. तेथे त्याची मजुरी वाढते, पण जोखीमही वाढते. बोनेटचा रंग जळला तर पुन्हा रंगवण्याचा खर्च अनेक ठिकाणी कारागिराच्याच पगारातून कापला जातो. मुलाचा दोष मात्र पुष्कळदा हाताचा नसतो. मशीन एका जातीचे, प्लेट दुसऱ्या मापाची आणि फोम तिसऱ्याच कामाचा, असे झाले की कितीही जपले तरी काम बिघडते. म्हणून हा लेख त्या तरुणांसाठी, आणि पोटाला चिमटा घेऊन मुलाला मशीन घेऊन देणाऱ्या आई-वडिलांसाठी आम्ही लिहीत आहोत.

केसाहून पातळ थर

हल्लीच्या मोटारींवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही कमी. पॉलिश करणे म्हणजे हाच थर अगदी थोडा घासून ओरखडे घालवणे. एकदा गेलेला थर परत येत नाही. दाराच्या कडेवर आणि बोनेटच्या उंचवट्यावर तर तो आणखी पातळ असतो. म्हणून तिथे मशीन हलकेच फिरवावे.

मशीनच्या दोन जाती

पहिली जात रोटरी. यात प्लेट एका जागी गरगर फिरते, मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे. काम झटपट होते, पण उष्णता पटकन वाढते आणि नवशिक्याच्या हातून रंग जळतो. उन्हात दिसणारे गोल चट्टेही याच मशीनने उमटतात.

दुसरी जात ड्युअल अॅक्शन, गॅरेजच्या भाषेत 'डीए'. यात प्लेट फिरता फिरता झोकेही घेते. झोक्याचे माप ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असे मशीनवर लिहिलेले असते. जोराने दाबले तर प्लेटचे फिरणे थांबते आणि नुसती थरथर उरते. त्यामुळे रंग जळण्याचा धोका कमी असतो. शिकणाऱ्याने डीएवरच हात बसवावा, असे आम्ही सुचवतो.

काही जण पैसे वाचवण्यासाठी लोखंड कापण्याच्या लहान ग्राइंडरलाच फोम लावतात. हा ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. एवढ्या वेगाने रंग तर जळतोच, शिवाय प्लेट फुटून तोंडावर येऊ शकते. हा प्रयोग कोणीही करू नये.

आटे जुळले तरच पुढे

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात प्लेट घ्यायला गेलात, तर जुनी प्लेट बरोबर न्या. आपल्याकडच्या मोठ्या रोटरीचे आटे बहुतेक १४ मिलिमीटरचे, म्हणजे 'एम १४' असतात. अमेरिकी पद्धतीच्या मशीनचे आटे ५/८ इंची असतात, म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर. ही प्लेट एम १४ मशीनवर ढिली बसते आणि डुगडुगते.

डीएमधली फसगत याहून बारीक आहे. काही मशीनना ८ मिलिमीटरचे आटे असतात, काहींना ५/१६ इंची. दोन्हींची जाडी जवळजवळ सारखीच, डोळ्यांना फरक कळत नाही. पण आट्यांमधले अंतर वेगळे असते. एक-दोन फेरे प्लेट सरळ जाते आणि मग अडते. तिथे पान्याने जोर लावला की मशीनचेच आटे जातात. प्लेट शेवटपर्यंत हाताने फिरत गेली, तरच ती तुमची. आणि रोटरीची प्लेट डीएवर किंवा डीएची रोटरीवर कधी लावू नये.

प्लेटच्या पाठीवर तिला सोसणारा जास्तीत जास्त वेग छापलेला असतो. तो मशीनच्या वेगाहून अधिक हवा.

प्लेटपेक्षा फोम मोठा

फोमचा पॅड प्लेटपेक्षा थोडा मोठा हवा, म्हणजे चहूबाजूंनी काठ सुटतो. ३ इंची प्लेटला साडेतीन ते ४ इंची पॅड, ५ इंचीला साडेपाच ते ६ इंची, आणि ६ इंचीला साडेसहा ते ७ इंची. दोन्ही एकाच मापाचे असतील, तर मशीन जरा तिरपे होताच प्लेटची कड रंगाला लागते आणि खोल ओरखडा पडतो. उलट पॅड फारच मोठा घेतला तर त्याच्या काठाला आधार राहत नाही. तो फडफडतो आणि लवकर फाटतो.

डीए मशीनच्या पोटात एक वजन बसवलेले असते. ते ठरावीक मापाच्या प्लेटचा आणि पॅडचा तोल सांभाळते. मोठी प्लेट लावून काम लवकर उरकू म्हटले, तर तोल बिघडतो आणि मशीन थरथरते. ती थरथर रोज सोसून बोटांना मुंग्या येतात, पुढे बधिरपणा येतो. हात हेच ज्याचे भांडवल, त्याने हे विसरू नये.

मापाचा वेगाशीही संबंध आहे. १५०० फेऱ्यांवर ७ इंची पॅडचा काठ सेकंदाला सुमारे १४ मीटर धावतो, तर ३ इंचीचा सुमारे ६ मीटर. म्हणून मोठा पॅड लावला की रोटरीचा वेग कमी करावा.

फोम कोणता?

कडक फोम ओरखडे काढण्यासाठी, मध्यम पॉलिशसाठी आणि मऊ शेवटच्या चकाकीसाठी. पण रंगावर विसंबू नका. एका कंपनीचा केशरी पॅड कडक, तर दुसरीचा मध्यम असू शकतो. बोटाने दाबून आणि पाकिटावर वाचूनच घ्यावा. डीएवर फार जाड फोम लावला तर मशीनचे झोके फोमच पिऊन टाकतो. तिथे पातळ पॅड बरा. सुरुवात नेहमी मऊ पॅडने, एका कोपऱ्यात करून पाहावी. भागले नाही तरच कडक पॅडकडे जावे.

निगा आणि सुरक्षा

पॅड प्लेटला वेल्क्रोने चिकटतो. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना ही कल्पना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली. उष्णतेने मात्र हे बारीक आकडे वितळतात आणि पॅड सुटून उडतो. म्हणून एकाच जागी दाबून धरू नये, मधूनमधून पॅडला हात लावून पाहावा, फार गरम वाटला तर बदलावा. पॅड नेहमी मधोमध बसवावा. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढली, तर डीए फिरते आहे की थांबले, ते लगेच दिसते.

प्रत्येक पत्रा झाल्यावर पॅड ब्रशने झाडावा. संध्याकाळी कोमट पाण्यात धुऊन, न पिळता दाबून पाणी काढावे आणि सावलीत वाळवावा. प्लेट बदलताना आधी प्लग काढावा. वायर खांद्यावरून मागे टाकावी, अर्थिंग तपासून घ्यावे, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावावा.

नवे मशीन घेताना सगळे पैसे मशीनवरच घालू नका. त्या मशीनला जुळणारी एक चांगली प्लेट आणि प्रत्येक जातीचे दोन-दोन पॅड, एवढे पैसे बाजूला काढा. भंगारातून आणलेल्या बोनेटवर आठ-पंधरा दिवस हात बसवा, मगच गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावा. हातातल्या हत्याराचे माप, वेग आणि जोडणी ज्याला समजते, त्याला मजुरी ठरवताना मान खाली घालावी लागत नाही. आपल्या मुलांनी मशीन चालवणारे व्हावे, तसेच मशीन जाणणारेही व्हावे, एवढेच आमचे सांगणे.