खुन्याला समजून घेणं आणि खुन्याची बाजू घेणं

देऊळगाव राजात काय किंवा मुंबईत काय, सिनेमा आता आपण मोबाइलवर बघतो. रात्री, एकट्याने, इअरफोन लावून. म्हणून आजचा प्रश्न: पडद्यावरच्या खुन्याबद्दल आतून काही हललं, तर आपण बिघडलो का?

अॅरिस्टॉटल म्हणतो, निव्वळ दुष्ट माणसाच्या नाशाने ना करुणा जागते ना भय. करुणेसाठी माणसाच्या वाट्याला नाहक दुःख यावं लागतं. भयासाठी तो आपल्यासारखा असावा लागतो. हे दोन धागे वेगळे ठेवू.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. रमन राघवने १९६०च्या दशकात मुंबईत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना ठार मारलं. १९६८ मध्ये तो पकडला गेला. फाशीची शिक्षा झाली, पुढे मानसिक आजार लक्षात घेऊन तिची जन्मठेप झाली. म्हणजे कोर्टाने आजार समजून घेतला, पण त्याला मोकळं सोडलं नाही. दोन्ही एकदम करता येतं बरं का!

१९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी त्याच्यावर छोटा चित्रपट केला. रमनचं काम रघुवीर यादव यांचं. २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांचा 'रमन राघव २.०' आला. यातला रमन्ना आजच्या काळातला, कल्पित. त्याला वाटतं, मागावर असलेला पोलीस हा आपलाच उरलेला अर्धा भाग. आणि तो पोलीस खरोखरच व्यसनी, हिंसक आहे. मग दिग्दर्शक खुन्यासाठी कीव मागतोय का? आम्हाला तसं वाटत नाही. वर्दीतली हिंसा आपण किती सहज पचवतो, हे तो दाखवतो. इथे करुणा नाही, भय आहे. कारण साम्य दिसतं.

समजून घेणं कुठे संपतं आणि बाजू घेणं कुठे सुरू होतं? आपण एक साधी कसोटी लावू. सिनेमा संपल्यावर मारली गेलेली माणसं आठवतात का? रमन्ना बहिणीच्या घरी जातो, तो प्रसंग घ्या. तिथे तिचा नवरा आहे, लहान मूल आहे. तिची भीती आपल्याला तिच्याच घरात बसून सोसावी लागते. तिथे सिनेमा कसोटीला उतरतो. नुसती खुन्याची ऐट आणि संवाद पाठ झाले, तर मात्र आपली सहानुभूती एकाच अंगाला कलंडली.

रमन राघव हे नाव पन्नासहून अधिक वर्षं टिकलं. फुटपाथवर झोपलेल्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? सहानुभूतीचा हिशोब तिथून मांडायचा.