पुढचे टायर बारीक करण्यापूर्वी ब्रेकचा विचार करा

आम्ही कापडाचे व्यापारी. टायरविषयी आम्ही लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. त्याच्या पोटात कापडच असते आणि ते पोट फाटले की आपली रोजी रस्त्यावर सांडते. शिवाय आपल्या समाजातील किती तरी घरांची चूल गॅरेज, पंक्चर आणि टायरच्या दुकानावर पेटते. म्हणून हा विषय या पानावर येणे आम्हांस जरुरीचे वाटले.

गेल्या पावसाळ्यात आमची मालाची व्हॅन हिंगोलीतील एका गॅरेजात उभी होती. तेवढ्यात एक तरुण आपली जुनी मोटार घेऊन आला. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशी ती जुन्या धाटणीची गाडी. त्याने मोबाइलवर अमेरिकेतील शर्यतीच्या गाड्या दाखवल्या. मागे पिंपासारखे रुंद टायर आणि पुढे सायकलची आठवण यावी इतके बारीक. "चाचा, माझ्या गाडीलाही पुढे असेच बसवून द्या. रोज हीच गाडी चालवायची आहे आणि संधी मिळाली की शर्यतीलाही न्यायची आहे." गॅरेजवाल्यांनी आमच्याकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "भाईजान, नाही म्हणावे तर गिऱ्हाईक जाते. हो म्हणावे आणि उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची?"

प्रश्न रास्त होता. त्याचेच उत्तर येथे देत आहोत.

शर्यतीत बारीक टायर कशासाठी?

ही शर्यत वळणांची नसते. सरळ पट्ट्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, कोण आधी कापतो एवढाच मामला. अमेरिकेत रस्त्यावरच्या अशा शर्यतींत माणसे मरू लागली. त्या शर्यती बंदिस्त पट्ट्यावर नेण्यासाठी १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत.

गाडी जोराने सुटते तेव्हा तिचे वजन मागे ढकलले जाते. मागची चाके जमिनीला घट्ट धरतात, पुढची हलकी होतात, कधी उचललीही जातात. अशा वेळी पुढच्या चाकांचे काम फक्त दिशा दाखवण्याचे उरते. मग तेथे रुंद, जड टायर कशाला? बारीक टायर व हलकी रिम फिरवायला जोर कमी लागतो, जमिनीची घासण कमी होते आणि हवाही कमी अडते. याचा फायदा सेकंदाच्या लहानशा भागाचा असतो, पण तेथे हारजीत तेवढ्यावरच होते.

आणखी एक बारकावा आहे. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशाचा किरण असतो आणि पुढचे चाक त्यातून बाहेर पडले की घड्याळ सुरू होते. चाक उंच असेल तर ते किरणातून थोडे उशिरा बाहेर पडते आणि गाडीला तेवढी धाव फुकट मिळते. म्हणून तेथील जाणकार बारीक पण उंच टायर घेतात.

आपल्या दारातला दाखला

हे काही अमेरिकेचेच शहाणपण नाही. हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या बाजारात रांगेने उभे असलेले ट्रॅक्टर पाहा. अनेक ट्रॅक्टरना मागे १३.६-२८ मापाचा रुंद टायर असतो, तर पुढे ६.००-१६ चा बारीक. मागचा ओढतो, पुढचा वळवतो. पुढच्या टायरवर तीन उभ्या धारा असतात. त्या मऊ मातीत रुतून कडक थराला धरतात आणि चाक आडवे सरकू देत नाहीत. ट्रॉली बेसुमार भरली की ट्रॅक्टरचे तोंड उचलते व स्टिअरिंग हाती राहत नाही, म्हणून शेतकरी पुढे लोखंडी वजने लावतात. शर्यतीच्या गाडीचे गणितही हेच.

फरक एवढाच की ट्रॅक्टर सावकाश चालतो, मोटार तशी चालत नाही.

रस्त्यावर हिशेब उलटतो

येथे खरी मेख आहे. सुटताना वजन मागे जाते, पण थांबताना तेच वजन पुढे येते. ब्रेकचा मोठा भार पुढची चाके उचलतात. शर्यतीच्या पट्ट्यावर पुढे मोकळी जागा असते. अकोला-नांदेड महामार्गावर मात्र समोर बैल असतो, शाळेतले पोर असते, काळ्या मातीचा चिखल टाकून गेलेला ट्रॅक्टर असतो. तेथे पुढचा टायर बारीक असेल तर तो लवकर जाम होऊन घसरतो आणि घसरणारे चाक वळत नाही.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पैसे वाचवण्याच्या मोहाने आम्ही आमच्या व्हॅनला पुढे दुसऱ्या लहान मोटारीचे वापरलेले टायर बसवले. रिमला बसले म्हणजे चालतील, असा आमचा समज. मूळ टायर मालवाहू जातीचे, जाड थरांचे होते. हे बारीक, हलके आणि थोडे घासलेलेही. आखाडा बाळापूरहून वारंगा फाट्याकडे जाताना पावसात अचानक ब्रेक दाबावा लागला. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच गेली आणि नालीत उतरली. अल्लाहच्या फजलने कोणाला इजा झाली नाही, पण गठ्ठे भिजले. जे वाचवले होते त्याच्या कैक पटीने गेले. सौदा आमचाच होता, तेव्हा दोषही आमचाच.

खरे ते सर्व सांगितले पाहिजे. साचलेल्या पाण्यात बारीक टायर रुंद टायरपेक्षा पाणी चांगले कापतो. परंतु कोरड्या डांबरावर ब्रेक लावताना व वळताना त्याची पकड कमी पडते, आणि वजन पेलण्याची ताकदही बहुधा कमी असते.

टायरच्या पोटातले कापड

कापडाच्या व्यापाऱ्याला टायर लवकर समजतो. सुरुवातीच्या टायरमध्ये साधे विणलेले सुती कापड घालत. त्यातील ताणा आणि बाणा एकमेकांवर घासून धागे तुटत. मग असे कापड निघाले ज्यात ताणा भरपूर आणि बाणा नाममात्र, धागे जागेवर धरण्यापुरता. सुतानंतर रेयॉन, नायलॉन, पॉलिएस्टर व पोलाद आले. टायरवर '८ पीआर' लिहिलेले असते, त्याचा मूळ अर्थ सुती कापडाचे आठ थर. आता थर कमी असतात, पण ताकद तेवढ्या थरांइतकी धरली जाते.

जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये हे धागे तिरपे, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसे असतात. रेडियल टायरमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वरून पट्टा असतो. मिशेलिन कंपनीने त्याचे पेटंट १९४६ साली घेतले. उरेब कापड आणि सरळ कापड ओढल्यावर वेगवेगळे ताणते, हे आपण जाणतो. टायरचेही तसेच. म्हणून एका गाडीला दोन्ही जाती मिसळू नयेत. पुढे रेडियल आणि मागे उरेबी, ही जोडी तर फार वाईट, कारण मागची बाजू सुटते.

निवडताना काय पाहावे?

१) ओढ कोणत्या चाकांना आहे? १९८३ साली मारुती ८०० आली, तेव्हापासून आपल्याकडील बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनी ओढतात. अशा गाडीला पुढे बारीक टायर घालणे म्हणजे बैल सोडून गाडी हाकणे. हा विषय फक्त मागच्या ओढीच्या गाड्यांचा: अँबेसेडर, पद्मिनी, कॉन्टेसा, ओम्नी, बोलेरो यांसारख्या.

२) पुढचे वजन किती? वजनकाट्यावर फक्त पुढची चाके चढवून वजन करावे. त्या तरुणाच्या सुमारे हजार किलोच्या गाडीचे पुढचे वजन ५४० किलो भरले. दोन माणसे बसली की सत्तर किलो वाढले. जोराने ब्रेक लावला की मागून आणखी दीडशे किलोच्या आसपास पुढे येतात. म्हणजे ७६०, एका चाकावर ३८०. आता टायरवरचा आकडा पाहा. ७५ म्हणजे ३८७ किलो, ७९ म्हणजे ४३७ किलो, ८३ म्हणजे ४८७ किलो. १४५/८० आर १३ चा टायर बहुधा ७५ चा असतो. हिशेब अगदी काठावर येतो. काठावरचा धंदा कोणी शहाणा करीत नाही.

३) उंची किती? १५५/८० आर १३ ची उंची सुमारे ५७८ मिलिमीटर, तर १४५/८० ची ५६२. उंची मूळ टायरच्या तीन टक्क्यांच्या आत राहावी. नाही तर गाडीचे तोंड खाली झुकते आणि नव्या गाड्यांत एबीएस ब्रेकचा हिशेब चुकतो.

४) रिम टायरच्या मापाचीच हवी. १५५ रुंदीच्या टायरला साधारण साडेचार इंची रिम लागते. रुंद रिमवर बारीक टायर ताणून बसवला की वळणावर कडा सुटण्याचा धोका असतो.

५) टायर रस्त्याचा आहे की पट्ट्याचा? परदेशी शर्यतीचे कित्येक बारीक टायर महामार्गासाठी नसल्याचे त्यांच्या अंगावरच छापलेले असते. स्वस्त मिळाले तरी ते रस्त्यावर वापरू नयेत. आपल्याकडील रस्त्याच्या टायरवर आयएसआय चिन्ह असते, ते पाहूनच घ्यावे.

६) वय किती? टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २२१९ म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा. रबर न घासताही म्हातारे होते. पुढचे दोन्ही टायर एकाच मापाचे, जातीचे व जवळपास एकाच वयाचे असावेत. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की मोटारीचा टायर बाद.

७) बसवल्यानंतर अलाइनमेंट, बॅलन्सिंग व हवा तपासून मोकळ्या जागी कमी वेगात ब्रेकची परीक्षा घ्यावी. पुढचे चाक पूर्वीपेक्षा लवकर जाम होत असेल तर टायर उतरवावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस आधी गाडीत काय बदलले हेच पाहतो. तेव्हा कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापांतूनच निवड करावी, हे सर्वांत सुरक्षित.

कारागिरांनी काय करावे?

गिऱ्हाईक परत पाठवणे हा एकच मार्ग नाही. त्या गॅरेजवाल्यांना आम्ही सुचवले की पुढच्या चाकांच्या दोन जोड्या करून द्या. मूळ रुंदीची जोडी रोजच्या रस्त्यासाठी. बारीक जोडी डिकीत, ती फक्त परवानगीच्या पट्ट्यावर चढवायची आणि घरी निघण्यापूर्वी उतरवायची. जॅक आणि पाना असला की दोन चाके बदलायला फार वेळ लागत नाही. कारागिराला रिमचे, बसवण्याचे, बॅलन्सिंगचे काम मिळते. गिऱ्हाइकाची हौस भागते. बिलावर माप व वजनाचा आकडा लिहावा आणि "रस्त्यावर वापरू नये" असा शेराही मारावा. मालातला ऐब दडवू नये ही आपल्या दीनची ताकीद आहे, आणि धोका माहीत असून गप्प बसणे हेही ऐब दडवणेच.

तो तरुण आधी नाराज झाला. मग वजनकाट्याची पावती हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. शेवटी त्याने पुढे १५५ चे नवे टायर बसवून घेतले आणि बारीक जोडीसाठी जुन्या रिम शोधायला सांगून गेला. गॅरेजवाल्यांचे गिऱ्हाईकही टिकले.

कापड घेताना आपण पन्हा आधी विचारतो, कारण पन्हा कमी पडला तर कुर्ता होत नाही. टायरचा पन्हाही तसाच विचारून घ्यावा. कुर्ता बिघडला तर दुसरा शिवता येतो. अल्लाह सर्व बंधूंना हलाल रोजी देवो आणि रोज संध्याकाळी सलामत घरी पोहोचवो.